आधी गोळी, मग टोला

"आज वार कुठला?" टोलेकाका चपला घालत होते, तेवढ्यात बायकोने विचारलं.

"गुरुवार."

"मग कुठला कप्पा उघडायचा?"

"अगं, मी शाळेत शिपाई आहे. बालवाडीत नाव नाही घातलेलं माझं," टोलेकाका म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांनी खिशातल्या डबीवरची 'गुरु' ही अक्षरं अंगठ्याने चाचपून घेतलीच.

डबी निळ्या प्लॅस्टिकची होती, सात वारांचे सात कप्पे असलेली. दर रविवारी बायको तिच्यात रक्तदाबाच्या सात गोळ्या भरायची. रोज एक गोळी, आणि रोज एकाच वेळी, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. तरी पहिले दोन महिने त्या गोळीचा नुसता खेळखंडोबा झाला होता. कधी गोळी राहून जायची, कधी घेतली की नाही तेच आठवायचं नाही. मग एके दिवशी भर व्हरांड्यात टोलेकाकांना अशी भोवळ आली की हातातली लाकडी हातोडी सुटली आणि मुख्याध्यापिकांच्या पायाशी जाऊन पडली. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणते. त्या वीतभर मागे उभ्या होत्या म्हणून निभावलं.

टोलेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेची पितळी घंटा गेली सव्वीस वर्षं तेच देत होते, म्हणून ते टोलेकाका. पगाराच्या कागदावर दुसरं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून.

हातोडी पडली त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी आपोआप वाजणाऱ्या विजेच्या घंटेची चौकशी केली. एक माणूस येऊन भिंतीचं माप घेऊन गेला. मापाच्या पट्टीचं दुसरं टोक धरायला टोलेकाकांनाच बोलावलं होतं. ते त्यांनी धरलं, सरळसुद्धा धरलं, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. यंत्र आलं की त्यांची बदली मागच्या सामानाच्या खोलीत होणार होती, मोडके बाक आणि फाटके नकाशे सांभाळायला. "आराम पडेल हो तुम्हाला," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. टोलेकाकांना आराम नको होता. त्यांना ती हातोडी हवी होती, निवृत्तीला उरलेली दोन वर्षं, शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या टोल्यापर्यंत. आणि यंत्र घ्यायचं की नाही हे ठरवायला शिक्षण खात्याचे साहेब नेमके या गुरुवारी येणार होते.

म्हणजे आता चक्कर यायला नको, म्हणजेच गोळी चुकायला नको. यावर तोडही बायकोनेच काढली होती. "एकटी गोळी काही राहत नाही तुमच्या डोक्यात," ती म्हणाली होती. "तुम्हाला ज्याचा कधी विसर पडत नाही ना, त्याच्या शेपटीला बांधून टाका तिला."

टोलेकाकांना जगात एकाच गोष्टीचा विसर पडत नसे. लग्नाचा वाढदिवस ते विसरत, छत्री विसरत, एकदा तर मेव्हण्याकडे निरोप द्यायला गेले आणि चहा पिऊन निरोपासकट परत आले. पण घंटा सव्वीस वर्षांत मिनिटभर पुढेमागे झाली नव्हती. म्हणून त्यांनी गोळी मधल्या सुट्टीच्या घंटेला बांधली. अकरा चाळीसला आधी गोळी, मग टोला. गोळी पोटात गेल्याशिवाय हातोडीला हात लावायचा नाही, असा नियमच केला.

नियम तीन आठवडे बिनबोभाट चालला. आणि आपल्याला जे नुकतंच कळलं ते दुसऱ्याला शिकवायची माणसाला फार घाई असते. टोलेकाकांनी आपली युक्ती गणिताच्या सरांना सांगितली, कारण सरांना मधुमेहाची गोळी जेवणाआधी घ्यायची असे. समोरच्या दुकानातल्या टेलरमास्तरांना सांगितली, त्यांची गोळी पित्ताची. टेलरमास्तरांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसणाऱ्या आजींना तर रस्त्यातून ओरडून सांगितली. आजींना हाडांची गोळी होती. बघता बघता मधल्या सुट्टीची घंटा झाली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे घोट घेतले जाऊ लागले.

इथवर सगळं छान होतं. पण बांधलेली दोरी दोन्ही बाजूंनी ओढली जाते, हे टोलेकाकांच्या ध्यानात आलं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालायचा आणि आपण घंटा दिली की नाही हे त्यांना अलीकडे मध्येच आठवेनासं व्हायचं. मग ते डबीत डोकावत. कप्पा रिकामा, म्हणजे टोले झाले. कप्पा भरलेला, म्हणजे व्हायचेत. घंटेवरून गोळी लक्षात ठेवायची आणि गोळीवरून घंटा, असा दुहेरी बंदोबस्त झाला होता, आणि त्यावर ते अगदी निर्धास्त होते.

गुरुवारी मात्र निर्धास्तपणा सकाळपासूनच गायब होता. साहेब दहाला येणार होते ते आले नाहीत. टोलेकाकांनी फाटकापर्यंत सात फेऱ्या मारल्या. घंटा पुसली, हातोडी पुसली, घंटा टांगलेली दोरी ओढून बघितली, घंटेवरचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मग मनगटावरचं बरोबर आहे का म्हणून ऑफिसातल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. तिन्ही एकच वेळ दाखवत होती, तरी त्यांचं समाधान होईना.

अकरा पस्तीसला साहेब आले. अंगाने भारदस्त आणि बोलायला कमी. मोठ्या बाई त्यांना थेट वरच्या मजल्यावर सातवीच्या वर्गात घेऊन गेल्या, कारण तिथे गणिताच्या सरांचा तास चालू होता आणि सर शाळेत सगळ्यांत चांगले शिकवत.

अकरा एकोणचाळीसला टोलेकाका घंटेखाली उभे राहिले. गुरुवारचा कप्पा उघडला, गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला. काटा चाळीसवर आला. त्यांनी हातोडीच्या दांड्याला हात घातला, आणि वरून मोठ्या बाईंचा दबका पण धारदार आवाज आला, "काका, खुर्ची. साहेब बाकात मावत नाहीयेत."

मोठ्या बाईंचा दबका आवाज म्हणजे हुकूम. टोलेकाकांनी हात सोडला, ऑफिसातली हातांची खुर्ची उचलली आणि जिना चढू लागले. ती खुर्ची वळणावर अडकली. ती उलटी करून काढली, तर वर्गाच्या दारात अडकली. मग दोन मुलांनी पाय धरले, टोलेकाकांनी पाठ धरली, साहेबांनी स्वतः बाक सरकवला, आणि एकदाची खुर्ची मागच्या भिंतीशी बसली. साहेब तिच्यात बसले आणि सरांना "चालू द्या" म्हणाले. टोलेकाका घाम पुसत खाली आले तेव्हा अकरा सेहेचाळीस झाले होते.

घंटेसमोर उभं राहून त्यांनी विचार केला, मी टोले दिले का? हातोडी हातात धरल्याचं आठवत होतं. पुढचं सगळं खुर्चीने पुसून टाकलं होतं. त्यांनी डबी उघडली. गुरुवार रिकामा.

"झाले म्हणजे," ते स्वतःशी म्हणाले आणि स्टुलावर टेकले.

पण जीव थाऱ्यावर येईना. मधली सुट्टी झाली तर मैदान ओसाड का? मुलं कुठे आहेत? डबे उघडल्याचा वास नाही, नळावर भांडण नाही, एकही पोरगं पडलेलं नाही. ते उठले, मैदानात डोकावले, परत येऊन बसले. मग त्यांना उलगडा झाला. साहेब आलेत ना. मोठ्या बाईंनी मुलांना वर्गातच बसून डबे खायला सांगितलं असणार. शिस्त दिसावी म्हणून. बाईंचं डोकंच तसं. हा उलगडा त्यांना इतका पटला की त्यांनी मान डोलावून बाईंना मनातल्या मनात दादसुद्धा दिली.

"टोलेकाका," समोरच्या गॅलरीतून आजींनी हाक मारली. त्यांच्या एका हातात भांडं होतं आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. "आज घंटा नाही का व्हायची?"

"झाली की, आजी."

"झाली? मला नाही ऐकू आली."

"झाली झाली. घ्या तुम्ही गोळी."

आजींनी गोळी घेतली, पण त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे कान गेले माझे," त्या म्हणाल्या. "सुनेला सांगितलंच पाहिजे. परवापासून मला वाटतच होतं की ती पुटपुटते."

खाली दुकानातून टेलरमास्तरांनी मान बाहेर काढली. "मलाही नाही ऐकू आली, काका."

"तुमचं मशीन चालू असेल."

"मशीन बंद ठेवूनच बसलोय मी अकरा चाळीसपासून. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"मास्तर, सव्वीस वर्षं घंटा देतोय मी. कधी चुकलीय?" टोलेकाका म्हणाले. तरी टेलरमास्तर गोळी न घेता आत गेले. माणूस कापड मापून कापणारा, नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा नव्हे.

वर वर्गात काय चाललं होतं ते टोलेकाकांना पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. शाळेत घड्याळं पुष्कळ होती, पण वेळ एकच होती, ती टोलेकाकांची. घंटा झाली नाही म्हणजे तास संपला नाही, इतकं ते सरळ होतं. गणिताच्या सरांनी अकरा पन्नासला घड्याळ बघितलं आणि त्यांना वाटलं, साहेब बसलेत म्हणून बाईंनी मुद्दाम घंटा थांबवून धरली आहे. बाईंनी अकरा बावन्नला घड्याळ बघितलं आणि त्यांना वाटलं, साहेब वर्गात आहेत हे बघून म्हाताऱ्याने शहाणपणाने घंटा रोखली आहे. बाकीच्या वर्गांतल्या शिक्षकांनी घड्याळाला चापट्या मारल्या आणि शिकवत राहिले. साहेबांना वेळापत्रकच ठाऊक नव्हतं. विचारायची सोय कोणालाच नव्हती, कारण विचारलं तर आपल्यालाच काही माहीत नाही असं दिसलं असतं.

सरांचा धडा तर संपला होता. अपूर्णांकांचा भागाकार, दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. हे त्यांनी तीनदा सांगितलं, चार गणितं सोडवली, फळा पुसला, पुन्हा लिहिला. पोटात कावळे ओरडत होते आणि गोळी टेबलावरच्या पुडीत वाट बघत होती. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पण उलटा का करायचा?"

एरवी सर म्हणाले असते, घंटा झाली, उद्या सांगतो. आज घंटा होत नव्हती. त्यांनी एका मुलाच्या पुस्तकाचं कव्हर मागून घेतलं, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि अर्ध्या पट्टीत पाव पट्ट्या किती मावतात ते मुलांनाच बघायला लावलं. पाचव्या मिनिटाला सगळा वर्ग जमिनीवर होता. सातव्या मिनिटाला साहेबही खुर्चीतून वाकून एक पट्टी दुसरीवर ठेवून बघत होते.

इकडे खाली बारा दहा झाले. मधली सुट्टी संपल्याची वेळ. मधली सुट्टी सुरू होताना आणि संपताना घंटा सारखीच असते, एका दमात बारा टोले. टोलेकाकांनी हातोडी उचलली आणि मन लावून बारा टोले दिले. साहेबांच्या कानावर आपलं काम जावं म्हणून जरा जास्तच जोरात.

बाराव्या टोल्याला आख्खी शाळा बाहेर पडली.

मुलं जिन्यावरून खाली आली, नळावर गेली, मैदानात गेली, डबे उघडले, एक पोरगं पडलं. जी मुलं आत जायची ती बाहेर येत होती. टोलेकाकांच्या हातातली हातोडी तशीच वर राहिली. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि ही भोवळ नव्हे हे त्यांना पक्कं कळत होतं.

"टोलेकाका," आजी गॅलरीतून म्हणाल्या, "ही तर चांगली ऐकू आली. मग मघाची कुठली? आता परत घेऊ का गोळी?"

"नका घेऊ, आजी. अजिबात नका."

"म्हणजे कान शाबूत आहेत माझे?"

"शाबूत आहेत."

"मग सून पुटपुटते ते खरंच," आजी म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून लगेच वरच्या पट्टीतलं बोलणं ऐकू येऊ लागलं. टेलरमास्तरांनी दुकानाच्या दारात उभं राहून टोलेकाकांना दाखवून दाखवून गोळी घेतली. गणिताचे सर डबा छातीशी धरून धावत खाली आले. "काका, अर्धा तास हो," एवढंच बोलून ते गोळी गिळून जेवायला बसले.

टोलेकाकांनी हातोडी खाली ठेवली. आता त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला, आणि घाबरलेल्या माणसाचा हिशेब फार काटेकोर असतो. अकरा चाळीसला टोले झाले नव्हते, हे उघड होतं. आधी गोळी, मग टोला. टोला नाही, म्हणजे गोळी नाही. मग गुरुवारचा कप्पा रिकामा कसा? सोपं आहे. बायकोने तो भरलाच नाही. रविवारी भरताना बहिणीशी फोनवर बोलत होती, तेव्हाच राहिला. म्हणजे आपण आज बिनगोळीचे आहोत, आणि साहेब कुठल्याही क्षणी खाली येतील. त्यांच्यासमोर चक्कर आली तर सगळंच आटोपलं. त्यांनी शुक्रवारचा कप्पा उघडला आणि गोळी गिळली. मग जरा धीर आला तसा बायकोला फोन लावला.

"गुरुवारचा कप्पा भरायला विसरलीस तू."

"मी?" बायको म्हणाली. "सातही भरले आणि वर मोजलेसुद्धा. सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा पुन्हा बघितला मी गुरुवार. होती गोळी."

टोलेकाकांनी रिकामा गुरुवार पुन्हा उघडून बघितला.

"शुक्रवार उघडून बघा बरं. त्यात आहे ना?"

"होती."

"होती म्हणजे?"

"आत्तापर्यंत होती."

पलीकडून लगेच फोन बंद झाला. दहाव्या मिनिटाला बायको शाळेच्या फाटकातून आत येत होती, पदर खोचलेला आणि फोन कानाला. डॉक्टरीणबाईंशी बोलतच आली ती. "हो, दोन. नाही, मुद्दाम नाही, हिशेब करून घेतली म्हणे. बरं. बरं, सांगते." तिने फोन ठेवला. "घाबरायचं कारण नाही म्हणाल्या. पण दोन तास एका जागी बसायचं, एकदम उठायचं नाही, धावपळ नाही. गरगरलं तर सरळ दवाखान्यात. बसा."

"अगं, साहेब आलेत."

"येऊ देत. बसा म्हटलं ना."

तिने त्यांना घंटेखालच्या स्टुलावर बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून बाजूला उभी राहिली. हात दिसायला मायेचा होता, पण टोलेकाकांना उठता येत नव्हतं. मैदानात मुलं ओरडत होती, घड्याळाचा काटा सरकत होता, आणि समोरच्या भिंतीवर यंत्रासाठी पेन्सिलने केलेल्या चार खुणा त्यांना स्पष्ट दिसत होत्या. आता भोकं पाडायची तेवढी बाकी, असं त्यांना वाटलं. सामानाच्या खोलीला खिडकी आहे का, ते आठवून बघू लागले. खिडकी नव्हती.

साहेब आणि मोठ्या बाई जिना उतरून आले. बाईंची नजर अशी होती की टोलेकाकांनी आपली नजर चपलांवर ठेवली. उठायला गेले, तर खांद्यावरचा हात जड झाला.

"हेच का घंटेचे काका?" साहेबांनी विचारलं.

"हो. काका, उभे राहा ना," बाई म्हणाल्या.

"राहू द्या, राहू द्या," साहेब म्हणाले. "घंटेच्या माणसाने घंटेपासून हलू नये. बरोबर आहे." मग त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं आणि ते बाईंकडे वळले. "मला एक सांगा. तिसरा तास अकराला सुरू झाला आणि बारा दहाला संपला. सत्तर मिनिटं. हे काय आहे?"

टोलेकाकांनी डोळे मिटले.

मोठ्या बाई अठरा वर्षं मुख्याध्यापिका होत्या. तपासणीला आलेल्या माणसाने "हे काय आहे" असं विचारलं की त्याला एकच उत्तर असतं, हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. "उपक्रम आहे, सर," त्या म्हणाल्या.

साहेबांनी डायरी काढली. "नाव?"

बाईंनी घंटेकडे बघितलं, छताकडे बघितलं. "सलग अध्ययन."

"सलग अध्ययन," साहेबांनी लिहून घेतलं. "बाई, मी स्वतः पंधरा वर्षं गणित शिकवलंय. तो अपूर्णांक उलटा का करायचा हे मला आजवर एकाही मुलाने विचारलं नव्हतं. विचारायला वेळच नसायचा, घंटा व्हायची. आज ती मुलगी कितव्या मिनिटाला बोलली माहीत आहे? छप्पन्नाव्या. चाळीसला घंटा झाली असती तर ती मुलगी गप्पच राहिली असती." ते टोलेकाकांकडे वळले. "वर्ग रंगलाय हे तुम्हाला इथे खाली बसून कळलं कसं?"

टोलेकाकांना खरं बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण खांद्यावरच्या हाताने चिमटा काढला.

"अंदाज येतो त्यांना," बायको म्हणाली.

"आणि हा माणूस काढून तुम्ही यंत्र मागताय?" साहेब बाईंना म्हणाले. "घंटा वाजवायला यंत्र पुरतं हो. कधी वाजवायची नाही हे कळायला माणूसच लागतो." त्यांनी यंत्राच्या अर्जावर आडवी रेघ मारली आणि सही केली. "हा उपक्रम सोमवारपासून रोज चालवा. तिसरा तास सत्तर मिनिटांचा, सुट्टी बारा दहाला. बाकीचे तास थोडे आखडा. महिन्याने येऊन बघतो."

साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली, तशा मोठ्या बाई परत आल्या. रागवावं तर उपक्रम खोटा ठरतो आणि शाबासकी द्यावी तर जीभ रेटत नाही, अशी त्यांची पंचाईत झाली होती. शेवटी "खुर्ची वरच राहू द्या," एवढंच बोलून त्या ऑफिसात गेल्या.

घंटा वाचली. टोलेकाकांना खरं तर रडूच आलं होतं, पण बायकोसमोर त्यांनी ते शिंकेत घालवलं.

घरी गेल्यावर बायकोने नवा नियम केला. गोळी अकरा चाळीसलाच, पण तिचा आणि घंटेचा आता काडीचाही संबंध नाही. अकरा चाळीसला ती स्वतः फोन करणार, फोन चालू ठेवून गोळी घ्यायची आणि गिळल्याचा आवाज तिला ऐकवायचा. "पुन्हा ती डबी घंटेच्या आसपास दिसली," ती म्हणाली, "तर हातोडी मी घेऊन जाईन." डबी तिने ऑफिसच्या खणात ठेवायला लावली, आणि खणाची किल्ली मोठ्या बाईंकडे.

सोमवारपासून सगळं सुरळीत सुरू झालं. अकरा चाळीसला फोन येई, टोलेकाका गोळी घेत, मग फाटकाशी येऊन नुसता हात वर करत. गॅलरीत आजी घोट घेत, दुकानात टेलरमास्तर घोट घेत. गणिताचे सर मात्र आता बारा दहाच्या घंटेला गोळी घेत आणि लगेच जेवत. पण टोलेकाकांचं काय होई, ते त्यांनाच माहीत. फोन ठेवला की हात सवयीने हातोडीकडे जाई. तो मागे ओढून ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसत. आणि मग सुरू होई ती बारा दहापर्यंतची तगमग. ही घंटा आता एकटी होती. तिला कशाचाच आधार नव्हता. बारा दहा होऊन गेले आणि मला कळलंच नाही तर? दिली असं वाटलं आणि दिलीच नसेल तर? बारा वाजल्यापासून ते घड्याळासमोरून हलत नसत. पाच मिनिटं उरली की तोंडाने मिनिटं मोजत. टोले देऊन झाल्यावर मुलं खरंच बाहेर आली का हे बघायला मैदानाला फेरी मारत. सव्वीस वर्षं जे डोळे मिटून केलं, ते आता डोळे फाडून करावं लागत होतं.

महिन्याच्या तपासणीला ते एकटेच दवाखान्यात गेले. बायको म्हणाली होती येते म्हणून, पण तिला बहिणीकडे जायचं होतं आणि त्यांनी आग्रहाने जाऊ दिलं. डॉक्टरीणबाईंनी दंडावर पट्टा बांधला, दाब बघितला आणि खूश झाल्या.

"फारच छान. एकही गोळी चुकलेली दिसत नाही."

"एकही नाही."

"चक्कर?"

"नाही."

"झोप?"

"ती जरा कमी आहे. बारा दहाच्या काळजीने."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, पण बाहेर रांग होती. "मग हीच गोळी चालू ठेवू या. दिवसाला एक."

टोलेकाका उठले नाहीत. त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"डॉक्टरीणबाई, मला आणखी एक गोळी लिहून द्या. रोज बारा दहाला घ्यायची. बायकोला मात्र सांगू नका."

"कशासाठी? काय होतंय बारा दहाला?"

"मला काही होत नाही हो. घंटेसाठी हवीय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"साधीच द्या, पोटाला न लागणारी," टोलेकाका म्हणाले. "फक्त कडू असू द्या. घेतली की नाही ते तोंडाला कळलं पाहिजे."